अर्ध्या अश्वशक्तीचं इंजिन: द दियाँ-बुताँ, १८९४ ते १९०४

१९०० साली पॅरिसच्या पश्चिमेला सेन नदीकाठी, प्युतो गावातल्या एका कारखान्यात ४०० मोटारी बनल्या आणि इंजिनं बनली ३,२००. दर मोटारीमागे आठ इंजिनं. उरलेली इंजिनं कारखान्याच्या स्वतःच्या तीनचाकींना लागत आणि मोठ्या संख्येनं दुसऱ्यांच्या गाड्यांत जाऊन बसत. ही दुसरी मंडळी म्हणजे त्याच बाजारातले प्रतिस्पर्धी. त्या वर्षी द दियाँ-बुताँ हा जगातला सर्वांत मोठा मोटार उत्पादक होता. आणि सहा वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, याच कारखान्याची ओळख वाफेच्या गाड्यांवर होती.

या सहा वर्षांत नेमकं काय घडलं, ते एका इंजिनाच्या आधारानं इथे तपासलं आहे. इंजिन आहे १८९५ सालचं, एका सिलिंडरचं, १३७ सीसीचं, नाममात्र अर्ध्या अश्वशक्तीचं. मोटारींच्या इतिहासात या कंपनीचं नाव निघालं की सरदार घराण्यातला मालक, त्याची द्वंद्वयुद्धं आणि शर्यती यांवरच पानं खर्ची पडतात. खरी गोष्ट क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा (क्रँक) ज्या पेटीत असतो तिच्या, बाहेर लावलेल्या एका छोट्या पट्टीत आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय बाकीचा पसारा कळत नाही.

वाफेपासून सुरुवात

झ्युल-आल्बेर द दियाँ हे काउंट, पुढे मार्क्विस. १८८१ मध्ये पॅरिसच्या एका दुकानात त्यांना वाफेवर चालणारं खेळण्यातलं इंजिन दिसलं. ते बनवणारे दोघे कारागीर म्हणजे जॉर्ज बुताँ आणि त्यांचे मेहुणे शार्ल त्रेपार्दू. दियाँनी पैसा घातला आणि तिघांनी १८८३ मध्ये वाफेच्या गाड्यांचा उद्योग काढला. त्यांची १८८४ ची चारचाकी 'ला मार्कीझ' आजही चालू स्थितीत आहे.

त्रेपार्दू पक्के वाफवाले. त्यांनी या कंपनीला दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे मागच्या चाकांची रचना: गाडीचं वजन एका पोकळ, न फिरणाऱ्या नळीनं पेलायचं आणि फिरवण्याचं काम दोन वेगळ्या, सांधे असलेल्या शाफ्टनी करायचं. तिला आजही 'डी डिऑन ॲक्सल' म्हणतात ('द दियाँ'चाच इंग्रजी उच्चार). नाव मालकाचं लागलं, डोकं त्रेपार्दूंचं होतं.

२२ जुलै १८९४ रोजी पॅरिस ते रूआँ अशी १२६ किलोमीटरची मोटारस्पर्धा झाली. दियाँचं वाफेचं ट्रॅक्टर सर्वांत आधी पोचलं. पहिलं बक्षीस मात्र त्यांना मिळालं नाही, कारण कोळसा टाकायला वेगळा माणूस लागत होता आणि स्पर्धेची अट होती सोप्या, सुरक्षित, स्वस्तात चालणाऱ्या गाडीची. बक्षीस पानार-लव्हासोर आणि पेजो यांच्यात वाटलं गेलं. दोघांकडे डाइमलर पद्धतीचं पेट्रोल इंजिन होतं. बुताँ तोवर पेट्रोलच्या प्रयोगांना लागलेच होते. त्रेपार्दूंना ते पटलं नाही आणि ते कंपनी सोडून गेले.

अडचण वजनाची

बुताँपुढे प्रश्न साधा होता: सायकलच्या सांगाड्याला पेलेल असं इंजिन हवं. तेव्हाची चालू इंजिनं पाहा. १८९४ च्या बेन्झ व्हेलोचं इंजिन १,०४५ सीसीचं, मिनिटाला ४५० फेऱ्यांवर, म्हणजे ४५० आर्‌पीएमवर दीड अश्वशक्ती देणारं. डाइमलरची इंजिनं ७०० च्या आसपास फिरत. अश्वशक्ती म्हणजे प्रत्येक फटक्याचा जोर गुणिले मिनिटाला बसणारे फटके. जोर वाढवायचा तर सिलिंडर मोठा, म्हणजे वजन. वजन वाढवायचं नसेल तर फटके वाढवायचे, दुसरा रस्ता नाही.

बुताँनी हाच फटके वाढवण्याचा रस्ता धरला. सिलिंडरचा व्यास ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७० मिमी, मिळून १३७ सीसी. नेहमीचा वेग १,५०० आर्‌पीएम आणि चाचणीत त्याच्या दुप्पट. आपल्याकडे रोज रस्त्यावर दिसणाऱ्या १२५ सीसी मोटरसायकलपेक्षा सिलिंडर किंचितच मोठा.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १,५०० आर्‌पीएमला अर्धी अश्वशक्ती म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण २.४ न्यूटन-मीटर. त्यावरून पिस्टनवरचा सरासरी परिणामी दाब काढला तर २.२ बारच्या जवळपास येतो. बेन्झ व्हेलोचा असाच काढला तर २.८ बार येतो. सीसीमागे जोर बेन्झचाच जास्त होता! तरीही दर लिटरला बेन्झची ताकद दीड अश्वशक्तीपेक्षा कमी आणि द दियाँची साडेतीनच्या वर. हा सगळा फायदा वेगाचा. म्हणून 'बुताँनी जास्त कार्यक्षम इंजिन बनवलं' हे विधान ढोबळ आहे. त्यांनी जास्त वेगानं फिरू शकणारं इंजिन बनवलं.

वेगाला अडसर ठिणगीचा

मग बाकीच्यांना वेग का वाढवता येत नव्हता? लोखंड, बेअरिंग, तेल सगळ्यांकडे सारखंच होतं. अडसर होता इंधन पेटवण्याच्या वेळेचा.

डाइमलरच्या इंजिनात प्लॅटिनमची एक बारीक नळी सिलिंडरला जोडलेली असे आणि बाहेरून बर्नरच्या ज्योतीनं ती लाल ठेवत. पिस्टननं मिश्रण दाबलं की ते नळीत शिरून पेट घेई. हा क्षण नळीची लांबी, ती कुठे किती तापली आहे आणि दाब किती, यावर ठरे. चालवणाऱ्याच्या हातात काही नाही. बेन्झची पद्धत विजेची होती, पण त्यांच्या कॉइलवरचा कंपक (परिपथ जोडत-तोडत राहणारी कंप पावणारी पट्टी) सतत ठिणग्यांची सर सोडायचा. ४५० आर्‌पीएमला ते खपून जातं.

वेग वाढला की काय होतं? समजा मिश्रण पेटून दाब पुरता वाढायला ६ मिलिसेकंद लागतात. ७०० आर्‌पीएमला तेवढ्या वेळात क्रँक २५ अंश फिरतो, १,५०० ला ५४ अंश. (वेगाबरोबर सिलिंडरमधली घुसळण वाढते, जळणंही जलद होतं, त्यामुळे प्रत्यक्षात फरक इतका मोठा नसतो. पण दिशा हीच.) म्हणजे जलद इंजिनात ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या बरीच आधी पडायला हवी आणि इंजिन मंदावलं की लगेच मागे घेता यायला हवी. आपल्या गॅरेजमधला मिस्त्री ज्याला ॲडव्हान्स-रिटार्ड म्हणतो, तेच.

बुताँचं उत्तर असं होतं. जळालेला वायू बाहेर सोडणारा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. त्याचं टोक क्रँककेसबाहेर काढून त्यावर एक खाच असलेला कॅम (शाफ्टबरोबर फिरणारी चकती) बसवला. कॅमवर पोलादाची स्प्रिंगदार पट्टी टेकते, तिच्या टोकाला छोटा ठोकळा. खाच आली की ठोकळा आत पडतो, पट्टी थरथरते आणि तिच्यावरचा प्लॅटिनमचा ठिपका समोरच्या स्क्रूच्या प्लॅटिनम टोकाला लागून सुटतो. परिपथ जुळतो, तुटतो, कॉइलमध्ये उच्च विद्युतदाब तयार होतो, चिनी मातीच्या प्लगमध्ये ठिणगी पडते. कॉइलवर वेगळा कंपक नाही. वीज सुक्या बॅटरीतून, आणि ती फक्त खाचेच्या क्षणी वापरली जाते, म्हणून बॅटरी टिकते. ही सगळी पट्टी-स्क्रूची बैठक शाफ्टभोवती थोडी मागेपुढे फिरवता येते आणि तिला एक तरफ जोडलेली आहे. तरफ हलवली की ठिणगीची वेळ बदलते, गाडी चालू असताना.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं मोटारी आणि मोटरसायकलींत जे 'पॉइंट' घासून, फिलर लावून गॅप ठेवले गेले, त्यांची ही थेट आधीची पिढी.

बिघाड कुठे होतो

या पट्टीची सेटिंग नाजूक असते. स्क्रू जास्त आत गेला तर पट्टी कॅमवर असतानाही टेकून राहते, बॅटरी उतरते आणि ठिणगी धड पडत नाही. जास्त बाहेर राहिला तर पट्टी थरथरूनही स्क्रूपर्यंत पोचत नाही. पट्टी थकली, म्हणजे तिचा ताण गेला, तर हळू वेगात सगळं ठीक वाटतं आणि वेग वाढवताच मिसफायर सुरू होतो, कारण खाचेसमोरून जाण्याच्या तेवढ्या वेळात ती आत पडतच नाही. उतरलेल्या बॅटरीचं लक्षणही अगदी हेच. १,५०० आर्‌पीएमला कॅमचा एक फेरा ८० मिलिसेकंदांत होतो आणि स्पर्श त्यातला एक लहानसा तुकडा, तेवढ्यात कॉइलमध्ये प्रवाह चढावा लागतो. म्हणून आधी बॅटरी तपासायची, मग पट्टी. उलट क्रमानं गेलं तर चांगली पट्टी विनाकारण वाकवली जाते. क्रँककेसमधून झिरपलेलं तेल प्लॅटिनमवर पोचलं तर इंजिन काही न सांगता बंद पडतं, अशा वेळी ठिपके कोरडे पुसले की पुरतं.

इंजिनाची बांधणी

क्रँककेस ॲल्युमिनियमची, उभ्या चिरेनं दोन भागांत आणि बोल्टनी जोडलेली. आत दोन फ्लायव्हील (जड फिरती चाकं), त्यांच्यामध्ये एकच क्रँकपिन आणि त्यावर कनेक्टिंग रॉड. फ्लायव्हील बाहेर न ठेवता आत घेतल्यामुळे इंजिन आटोपशीर झालं आणि तेल उडवण्याचं कामही तीच करू लागली. वर पंख असलेला बिडाचा सिलिंडर, त्यावर हेड, आणि क्रँककेसमधून निघालेले चार लांब स्टड दोन्ही एकत्र आवळून धरतात. जुन्या बिडाच्या बुलेटचं इंजिन ज्यांनी खोललं आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल: उभी फुटणारी क्रँककेस, आत दोन फ्लायव्हील, मध्ये पिन. हा योगायोग नाही. इंग्लंडच्या एनफिल्डनं आपल्या सुरुवातीच्या चारचाकी सायकली द दियाँ इंजिनावरच चालवल्या. अमेरिकेतल्या पहिल्या एक-सिलिंडर मोटरसायकलींची इंजिनंही बहुतांशी याच धाटणीची.

मिश्रण आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हला कॅम नव्हता. हलक्या स्प्रिंगवर तो बंद राही आणि पिस्टन खाली जाताना होणाऱ्या ओढीनंच उघडे. स्वस्त, सोपा, भाग कमी. पण इंजिनाचा जोर मुख्यतः इथेच मार खात होता. स्प्रिंग कडक असेल तर व्हॉल्व्ह उशिरा आणि थोडाच उघडतो, सिलिंडर अर्धपोटी राहतो. ढिली असेल तर वेगात तो वेळेवर बंद होत नाही आणि मिश्रण परत कार्ब्युरेटरकडे (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडे) थुंकलं जातं. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर व्हॉल्व्ह नुसता फडफडतो.

कार्ब्युरेटर तर आजच्या वाचकाला ओळखूच येणार नाही. तीनचाकीत तो म्हणजे सीटखालच्या सांगाड्यात बसवलेला पाचरीच्या आकाराचा डबा. तळाला पेट्रोल. एका उभ्या नळीतून हवा खाली येऊन पेट्रोलच्या पृष्ठभागावरून सरकते आणि वाफ घेऊन वर जाते. तळातून एग्झॉस्टचा एक फाटा नेऊन पेट्रोल कोमट ठेवतात. वर जुळा नळ असतो, एकानं शुद्ध हवा किती मिसळायची ते ठरतं, दुसऱ्यानं एकूण मिश्रण किती सोडायचं ते. पेट्रोल हलकं लागे, ०.६८० घनतेचं. यातली खोच अशी की हलका अंश आधी उडून जातो. दिवसभर चालवल्यावर डब्यात उरतं ते जड, शिळं पेट्रोल आणि दुसऱ्या दिवशी थंडीत गाडी सुरू होत नाही. अशा वेळी नुसती भर घालून उपयोग नसतो, शिळं काढून टाकून ताजं भरावं लागतं. खडबडीत रस्त्यावर पेट्रोल हिंदकळलं की मिश्रण क्षणाक्षणाला बदलतं आणि चालवणाऱ्याचा हात सारखा नळावर. फवाऱ्याचे कार्ब्युरेटर आले तेव्हा हा डबा सोडायला कुणी का-कू केली नाही.

तीनचाकी चालवायची कशी

हे इंजिन विकलं गेलं ते तीनचाकीतून. डिसेंबर १८९५ मध्ये पॅरिसच्या सायकल प्रदर्शनात ती मांडली गेली आणि १९०१-०२ पर्यंत सुमारे १५,००० विकल्या गेल्या. इंजिन मागच्या ॲक्सलच्या मागे, त्याचं लहान चाक थेट ॲक्सलवरच्या मोठ्या दातेरी चाकाला भिडलेलं. सुरुवातीच्या गाड्यांना क्लच नाही, गिअर नाहीत. पॅडल आहेत.

सुरू करायचा क्रम ठरलेला. डब्यातली पेट्रोलची पातळी बघायची. सांगाड्यावरची पितळी खुंटी जागेवर लावायची, ही म्हणजे किल्ली. ठिणगीची तरफ मागे, रिटार्डवर. कॉम्प्रेशनचा नळ (सिलिंडरमधला दाब सोडणारा) उघडा. आता पॅडल मारत गाडी चालती करायची, मग डाव्या हाताची मूठ पिळून वीज चालू करायची आणि नळ बंद करायचा. इंजिन पेटलं की हवेचा नळ हळूहळू उघडत मिश्रण पातळ करायचं आणि ठिणगी पुढे घ्यायची. रिटार्ड करायचं विसरलं तर फटका उलटा बसतो आणि तो दातेरी चाकांतून पॅडलपर्यंत जाणवतो.

चढावर खरी परीक्षा. गिअर नसल्यामुळे गाडी मंदावली की इंजिनही मंदावतं, ताकद कमी होते, आणखी मंदावतं. यावर दोन उपाय, दोन्ही एकदम करायचे: ठिणगी वेगाबरोबर मागे घेत जायची आणि पॅडल मारायला लागायचं. ठिणगी पुढेच ठेवून चढ चढणाऱ्याचं इंजिन ठोकायला लागतं, सिलिंडर तापतो, तेल जळतं आणि मग पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. इंजिन मागे असल्यानं त्याला वारा कमी मिळतो, हेही त्यात भर घालतं. तेल फिरून परत येत नसे. ठरावीक अंतरानं हातानं नवं सोडावं लागे आणि जुनं खालून काढून टाकावं लागे. कमी सोडलं तर बेअरिंग जातं, जास्त सोडलं तर प्लग काळा होतो.

प्रतिस्पर्ध्यांना इंजिन विकणं

तीनचाकी खपली तशी इंजिनं मोठी होत गेली. ५८ बाय ७० चं १८५ सीसी, ६६ बाय ७० चं २३९, ७० बाय ७० चं २६९, मग ८० बाय ८० चं ४०२ सीसी, साडेतीन अश्वशक्तीचं. सुरुवातीच्या टप्प्यांत स्ट्रोक ७० च ठेवून फक्त व्यास वाढवत नेलेला दिसतो. ४०२ सीसीला पाणी खेळवून थंड केलं आणि त्यावर पहिली खरी छोटी मोटार आली, समोरासमोर तोंड करून बसायची. तिच्या गिअरबॉक्समध्ये दोन्ही गिअर कायम गुंतलेले असत आणि प्रत्येकाला आत फुगणारा स्वतंत्र क्लच, दोन्ही एका तरफेवर. दात खरडण्याचा प्रश्नच मिटला.

पण गाडीपेक्षा इंजिनाची मागणी मोठी होती. सायकल आणि घोडागाड्या बनवणाऱ्या शेकडो दुकानांना सांगाडा, चाकं, सीट बनवता येई. त्यांच्याकडे ओतकाम नव्हतं, क्रँक घासायची यंत्रं नव्हती आणि ठिणगीच्या वेळेचं गणित नव्हतं. प्युतोहून इंजिन आणलं की सहा महिन्यांत गाडी उभी राही. सुमारे १५० वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांत हे इंजिन बसलं, कधी विकत घेऊन, कधी परवान्यानं. शिवाय विचारल्याशिवाय केलेल्या नकला वेगळ्याच.

गिऱ्हाइकांची नावं बघण्यासारखी आहेत. २१ वर्षांच्या लुई रेनोनं आपल्या तीनचाकीचं पावणेदोन अश्वशक्तीचं इंजिन काढून पुढे बसवलं, स्वतःचा थेट चालीचा गिअरबॉक्स जोडला आणि २४ डिसेंबर १८९८ च्या रात्री मोंमार्त्रचा र्‍यू लपिक चढून दाखवला. ब्राझीलच्या सांतोस-द्युमाँनं १८९८ च्या पहिल्या वायुनौकेसाठी तीनचाकीच्या दोन इंजिनांचे सिलिंडर एकावर एक रचले. जर्मनीची ॲडलर, अमेरिकेची पिअर्स, आणि १९०५ मध्ये लुई दलाज, सगळ्यांची सुरुवात याच इंजिनावर.

१९०४ पर्यंत युरोपभर सुमारे ४०,००० इंजिनं गेली होती. कारखान्यात १,३०० माणसं होती आणि जुळणी हातानंच चाले. प्रत्येक इंजिन तपासून पाठवणं शक्यच राहिलं नव्हतं. चाचणीच्या बाकावर जे इंजिन सुरू होत नसे त्याची चिकित्सा न करता ते सरळ खोलून टाकत. हा निर्णय आळशी वाटतो, पण तो बरोबर होता. भाग साधे आणि थोडे असतील तर एका आडमुठ्या इंजिनामागे फिटरचा अर्धा दिवस घालवण्यापेक्षा भाग परत ढिगात टाकणं स्वस्त पडतं. धोका एवढाच की वाकडा भाग पुन्हा दुसऱ्या इंजिनात जाऊ शकतो, आणि म्हणून सुट्या भागांची मापं जुळणीच्या आधी पडताळणं या पद्धतीत अनिवार्य होतं.

धंदा कुठे अडला

सुटं इंजिन विकणाऱ्याचं गिऱ्हाईक दोनच प्रकारे संपतं. एक तर ते बुडतं किंवा मोठं होतं. लहान दुकानं पुढच्या काही वर्षांत बहुतेक मिटली. जी वाढली त्यांनी स्वतःची इंजिनं काढली. १९०२ च्या पॅरिस-व्हिएन्ना शर्यतीत मार्सेल रेनो पहिला आला तो रेनोच्याच चार सिलिंडरच्या इंजिनावर. इंजिन विकून मिळालेला पैसा खरा होता, पण प्रत्येक विक्रीबरोबर मोटार बनवण्याचं शिक्षणही बाहेर जात होतं.

दुसरी गोष्ट तांत्रिक. एका सिलिंडरचं इंजिन ६ अश्वशक्तीला ७०० सीसीवर आणि ८ ला ९४० सीसीच्या वर पोचलं. पिस्टन जड झाला, हादरे वाढले, म्हणजे ज्या हलकेपणावर हे सगळं उभं होतं तोच हरवत गेला. उत्तर होतं जास्त सिलिंडर. द दियाँ-बुताँनी दोन सिलिंडर १९०३ मध्ये आणले, चार त्यानंतर, तोवर बाजार पुढे गेला होता. एक सिलिंडरच्या गाड्या त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या तोंडापर्यंत बनवल्या. कारण त्या उत्तम होत्या आणि खपत होत्या. चांगलं चालणारं इंजिन सोडून देणं प्युतोला जमलं नाही, असं आमचं मत आहे.

बुताँची तांत्रिक हिंमत संपली होती असं मात्र म्हणता येणार नाही. १९१० मध्ये मालिकेनं बनवून विकलेली पहिली व्ही-८ मोटार याच कंपनीची. प्रवासी मोटारी १९३२ मध्ये थांबल्या, ट्रक त्यानंतरही काही काळ निघत राहिले.

दर नोव्हेंबरला लंडन ते ब्रायटन अशी जुन्या मोटारींची फेरी निघते, १९०५ पूर्वीच्याच गाड्यांना तिथे प्रवेश असतो. तिच्यात द दियाँ-बुताँच्या गाड्या भरपूर असतात. पहाटेच्या गारठ्यात कडेला थांबलेल्या एखाद्या मालकानं झाकण काढलेलं असतं, हातात लहान पेचकस असतो, आणि तो स्क्रू पाव फेरा बाहेर घेऊन पट्टी बोटानं हलकेच उचलून सोडतो. ती थरथरून स्क्रूला लागायला हवी आणि लगेच सुटायला हवी.